आगीचा डोंगर आणि पांढऱ्या झग्यातली पोरगी

बाबनराव धकाते भित्रे आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नागपुरातल्या साऱ्या तांडापेठेला ते ठाऊक आहे आणि खुद्द बाबनरावांनाही त्याची फारशी लाज वाटत नाही. गॅस पेटवताना ते मान मागे घेतात. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटवायला शेजाऱ्याला हाक मारतात. होळीला नैवेद्य दाखवतात तोही हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करून, जणू होळी त्यांना आत ओढून घेणार आहे. अशा माणसाचं अर्धं आयुष्य आग ओकणाऱ्या डोंगरांच्या चित्रांसमोर बसून जावं, याला दैवाची थट्टा नाही तर काय म्हणायचं?

धकाते मूळचे कोष्टी, म्हणजे विणकर. घरात खड्डामाग होता. या मागावर विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी खालच्या फळ्या दाबत राहतो. लहानपणी बाबन त्या खड्ड्यात सारखा उतरायचा, म्हणून बापाने एकदा वैतागून सांगितलं, "अजून खाली खोदत गेलं ना, तर विस्तव लागते. पाय भाजतीन." बाप बोलला आणि विसरला. पोराच्या मनात मात्र ते घर करून बसलं. पुढे बाबनराव स्वतः मागावर बसू लागले, करवतकाठी लुगडी विणू लागले, लग्न झालं, तरी वैशाखात तळपाय गरम झाले की ते झटकन पाय वर ओढून घ्यायचे. बायको शामला खापा गावची, तीही विणकराची लेक, आणि जिभेने मागावर सरसरणाऱ्या धोट्यापेक्षा चपळ. ती म्हणायची, "विस्तव असता तर मी त्याच्यावर भाकरी नसती भाजली का? गॅस वाचला असता."

मग पॉवरलूम आले, लुगडं नेसणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि पेठेतले माग एकेक करून गप्प झाले. धकात्यांचाही झाला. माग गेला तरी हातातली पाजणी गेली नाही. पाजणी म्हणजे सुताला खळ पाजणं. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, गल्लीभर ताणून धरायचा आणि तांदळाची पातळ खळ कुंच्याने त्याच्यावर फिरवायची, म्हणजे विणताना सूत तुटत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या वाचनालयात नेमका असाच हात हवा होता. तिथल्या ग्रंथपाल सिंधूताई फाटके नकाशे आणि चित्रं कापडावर चढवून घेण्यासाठी माणूस शोधत होत्या. डिंकाने कागद कडक होऊन मोडायचा. बाबनरावांच्या खळीने तो मऊ राहायचा आणि उलटा वळवला तरी कुरकुर करायचा नाही.

कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत सिंधूताईंनी त्यांच्यासमोर एक पेटी आणून ठेवली. इंग्रजांच्या काळात कुणी एक गोरा इंजिनिअर नागपुरातून मायदेशी जाताना ती वाचनालयाला देऊन गेला होता. बाबनरावांनी वरचा कागद उचलला आणि त्यांचा हात तिथेच थबकला. काळ्या रात्री एक डोंगर फुटला होता. त्याच्या तोंडातून आग वर जात होती आणि अंगावरून लाल ओघळ उतरत होते. खाली लोक पोरंबाळं काखेत मारून पळत होते. पुढचा कागद उचलला, तिथेही तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. पेटीभर डोंगर, आणि एकही थंड नाही.

"हे खरंच आहे का ताई, का कोनाच्या मनातलं?"

"खरंच आहे, बाबनराव. तेव्हा फोटो नव्हते. लोक जहाजाने मुद्दाम जायचे आणि डोंगरासमोर बसून चित्रं काढायचे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

बाबनरावांना हा शब्द काही केल्या पचेना. आग लागली तर माणूस पळणार, हे त्यांना समजत होतं. पण नीट पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या चित्रांत दोन जातींची माणसं आहेत. काही पळणारी, आणि काही बघायला आलेली. उंच टोप्या घातलेले साहेब काठी टेकून लाव्ह्याच्या कडेला उभे. बाया छत्र्या घेऊन खडकावर बसलेल्या. एक जण तर दुर्बीण लावून थेट डोंगराच्या तोंडात डोकावतोय आणि दुसरा त्याचा कोट धरून उभा आहे. पळणाऱ्यांची बाबनरावांना कीव यायची. बघणाऱ्यांकडे पाहिलं की मात्र त्यांच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

एका कागदावर तर आख्खी पृथ्वी कांद्यासारखी मधोमध कापून दाखवली होती. पोटात आगीचा मोठा गोळा, त्याच्यातून नसांसारखे आगीचे पाट फुटलेले आणि प्रत्येक पाट एकेका डोंगराच्या तोंडाशी गेलेला. सिंधूताई हसून म्हणाल्या की जुन्या लोकांची कल्पना आहे, आत असं काही नसतं. बाबनरावांनी मान डोलावली खरी, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत आला. बाप खोटं बोलला नव्हता, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

आता प्रणालीबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. बाबनरावांना उशिरा झालेली ही एकुलती एक पोर. शाळेला सुट्ट्या लागल्या की शामला तिला बापाबरोबर वाचनालयात पाठवून द्यायची, कारण घरी तिने धिंगाणा घातला असता. बाप खळ लावायचा आणि पोर पेटीजवळ बसून चित्रं पाहायची. तिला भीती कशी ती ठाऊकच नव्हती. साऱ्या घराच्या वाटणीची भीती बापानेच संपवली होती, असं शामला म्हणायची. एक चित्र प्रणालीला फार आवडायचं. मागे डोंगर फुटतोय, सगळं गाव पळतंय आणि पुढे एका दगडी कठड्यापाशी पांढऱ्या झग्यातली एक पोरगी एकटीच उभी आहे. तिची पाठ आपल्याकडे आणि तोंड डोंगराकडे. ती पळत नाही. बघतेय.

"बाबा, हे मी आहो," सहा-सात वर्षांची प्रणाली त्या पोरीवर बोट ठेवून सांगायची.

"बोट नोको ठेवू वं, मळते," एवढंच बाबनराव म्हणायचे. तेव्हा त्यांना हसू यायचं.

पोरगी मोठी झाली आणि दगडांचं शास्त्र शिकायला गेली. एक दिवस घरी येऊन तिने मजेत सांगितलं, "बाबा, सीताबर्डीची टेकडी आहे ना, तिचा दगड म्हंजे लाव्हाच आहे. थंड झालेला. आपन लहानपनापासून त्याच्यावरूनच फिरून राहिलो." तिला वाटलं बाप खूश होईल. बाप पुढे कितीतरी दिवस बर्डीच्या बाजारात खरेदीला जायचं नाव काढेना.

आणि मग या वर्षी ती बातमी आली. अंदमानच्या समुद्रात एक बेट आहे, बॅरन नावाचं. आपल्या देशातला जिवंत ज्वालामुखी तिथला. अभ्यासकांची एक तुकडी पोर्ट ब्लेअरहून बोटीने तिथे जाणार होती आणि तिच्यात प्रणालीची निवड झाली होती. तिच्या वर्गातून ती एकटीच. ती पेढे घेऊन आली. शामलेने पेढा तोंडात टाकला, बाबनरावांचा हातातच राहिला.

"दुरूनच पाहाचं असन ना?"

"दुरून काहून? परवानगी भेटली तर लहान होडीनं उतरू आमी. काळी राख आहे तिथे, तिचे नमुने आनाचे आहे."

बाबनरावांच्या डोळ्यांसमोर साहेब आले, छत्र्या आल्या, कोट धरून उभा असलेला माणूस आला. त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. नको जाऊ, असं म्हणायचं तोंड त्यांना नव्हतं. पोरीने जिवाचं रान केलं होतं, आणि चित्रं दाखवणारे तरी कोण, तर तेच. शामलेपाशी त्यांनी एकदा विषय काढून पाहिला. ती फणकारली, "तुमच्या पोटात दुखते म्हनून तिनं घरी बसाचं का जी? पोट्टी चालली तर चालली. तुमी आपलं कोराडीच्या देवीले नारळ बोला अन् चुपचाप बसा."

नारळ बोलून झाला. चुपचाप बसणं मात्र जमेना.

नेमकं त्याच दिवसांत ते चित्र कामासाठी टेबलावर आलं. वाचनालयात त्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि पांढऱ्या झग्यातल्या पोरीचा कागद घडीवर फाटत थेट तिच्या पायांपर्यंत आला होता. बाबनरावांना ते मुळीच आवडलं नाही. पण काम ते काम. सकाळी घरी खळ शिजवून न्यायची त्यांची रीत होती. त्या दिवशी ते गॅसपाशी खळ ढवळत होते आणि बाहेरच्या खोलीत प्रणाली मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तोंडावर लावायचा मास्क घ्यायचा, हेल्मेट घ्यायचं, विषारी वायू असतो ना तिथे, असं चाललं होतं. प्रत्येक शब्द बाबनरावांच्या काळजाला चिमटा घेत होता. ढवळता ढवळता हात आपोआप फळीवरच्या डबीकडे गेला, चिमूटभर निळं मोरचूद निघालं आणि खळीत पडलं.

यात नवल काही नाही. पावसाळ्यात सुताच्या खळीत मोरचूद घालायचंच, नाहीतर बुरशी धरते आणि ताणा सडतो. कोष्ट्याच्या घरात हे सांगावं लागत नाही, हाताला ठाऊक असतं. पण कागदाच्या खळीत मोरचूद घालायचं नसतं, हेही बाबनरावांना ठाऊक होतं आणि इतक्या वर्षांत एकदाही ती चूक झाली नव्हती. त्या दिवशी डोकं समुद्रात होतं आणि हात जुन्या मागावर. त्यांनी त्याच खळीने कागदाला मागून ठिगळ लावलं, वर वजन ठेवलं आणि ते घरी आले.

पुढे काही दिवस पावसाची झड लागली. झड उघडल्यावर त्यांनी वजन काढून कागद उलटला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी काळवंडली होती. पांढऱ्या झग्यावर हिरवट डाग चढला होता, त्याची कड तपकिरी होत होत तिच्या मानेपर्यंत गेली होती. डोंगर जसाच्या तसा होता. पळणारी माणसं जशीच्या तशी होती. जळाली होती ती एकटीच.

बाबनराव मटकन खाली बसले. देवी, माझ्या पोरीला सांभाळ, एवढंच ते पुटपुटत होते. मग हळूहळू नजर खळीच्या वाटीवर गेली. वाटीच्या बुडाशी फिक्या निळ्या रंगाचा पातळ थर वाळला होता. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते तसेच उठले आणि सिंधूताईंकडे जाऊन त्यांनी सगळं कबूल केलं. सिंधूताईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "हे चित्र प्रदर्शनातून बाजूला ठेवू. पुण्याला एक जाणकार आहेत, त्यांना दाखवू. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." म्हणजे खरं बोलायला बाबनराव कचरणारे नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्याच दुपारी प्रणाली वाचनालयात आली. निघण्यापूर्वी तिला आपली चित्रं एकदा पाहायची होती. एकेक कागद पाहत, हसत, बोलत ती त्या चित्रापाशी आली आणि तिचं बोलणं तुटलं.

"बाबा, हे काय झालं?"

एक शब्द पुरला असता. मोरचूद. तो शब्द बाबनरावांच्या जिभेवर आलाही होता. पण पोरीच्या चेहऱ्यावरून पहिल्यांदाच कसली तरी सावली सरकताना त्यांनी पाहिली, आणि बुडत्याला काडी दिसावी तसं त्यांना झालं. भ्याली तर जाणार नाही! नाही गेली तर वाचेल!

"मले काय मालूम," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "आपोआप झालं. तुहं जायाचं ठरलं, तवापासून."

प्रणालीने डागाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. बापाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिने कागद हळूच पेटीत ठेवला आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ."

ती गेलीच. ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने. बाबनरावांचा डाव फुकट गेला आणि आता त्यांची खरी परीक्षा सुरू झाली. पोर्ट ब्लेअरहून तिचा फोन आला, उद्या बोट सुटणार, मग नेटवर्क नसेल, काळजी करू नका. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. फोन ठेवल्यावर बाबनरावांच्या मनात एक नवीच गोष्ट आली आणि तिने त्यांचं रक्त गोठवलं. ते जन्माचे भित्रे. भीती माणसाला काय करते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? भिऊन चालणाऱ्याचाच पाय घसरतो. बेडर पोरगी त्या राखेवरून नीट गेली असती आणि नीट आली असती. आता ती होडीतून उतरताना तिच्या डोळ्यांपुढे तो काळवंडलेला झगा असणार, आणि तो तिच्या डोळ्यांपुढे आपणच धरला.

त्यांनी फोन लावला. तो बंद होता. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दिवस उजाडला की ते फोन लावायचे, जेवताना लावायचे, वाचनालयात पायऱ्यांवर बसून लावायचे. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं की बाई, ते मोरचूद होतं, माझ्या हातून पडलं, तू खुशाल उतर. पण ते ऐकायला पलीकडे कुणीच नव्हतं. टीव्हीवर कुठलाही डोंगर, कुठलाही धूर दिसला की ते उठून बाहेर जायचे. पायाखालची फरशी गार असली तरी त्यांना ती कोमट लागायची. शामलाही आता टोमणे मारेनाशी झाली होती, आणि त्याने ते जास्तच घाबरले.

शेवटी एकदाचा फोन आला. बोट परत आली होती. सगळे सुखरूप होते. बाबनराव ओट्यावरच रडायला लागले. शामलेने आधी त्यांना रडू दिलं, मग दटावलं आणि मग स्वतः डोळ्यांना पदर लावला. कोराडीला जाऊन नारळ फोडला. गल्लीत पेढे वाटले गेले, आणि या वेळी बाबनरावांनी दोन खाल्ले.

प्रणाली घरी आली तेव्हा उन्हाने रापली होती. शेजारच्या बायका जमल्या, आगीचा डोंगर कसा दिसतो म्हणून विचारू लागल्या. तिने मोबाईलवर फोटो दाखवले. समुद्र, धूर, काळा उतार. सगळे फोटो दुरून काढलेले होते. शामलेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"वर गेल्याचा नाही का एखादा?"

"मी नाही उतरली, आई. बाकीचे उतरले. मी बोटीवरच होती."

बायका "बरंच केलं, बाई" म्हणत आपापल्या घरी गेल्या. जेवताना प्रणालीने आणखी सांगितलं. सरांनी पुढच्या मोहिमेसाठी विचारलं होतं, तिने नाही म्हटलं. इथेच, नागपुरात, एखाद्या कचेरीत नकाशांचं काम मिळेल, ते ती पाहणार होती. ती हे सगळं वरणात भात कालवत, खाली मान घालून बोलत होती.

बाबनरावांनी देवीपाशी जे जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. पोरगी जिवंत होती, घरात होती, आणि परत कधी कुठल्या डोंगराकडे जाणार नव्हती. पण समोर मान घालून जेवणारी ही पोर कोण, हे त्यांना ओळखूच येईना. शामला ताटं उचलून आत गेली, तेव्हा त्यांनी कसाबसा धीर केला.

"प्रणाली, त्या चित्राचं... ते आपोआप नोयतं झालं. मोरचूद पडलं होतं खळीत. माह्या हातानं. मी तुह्याशी खोटं बोललो वं."

"मले मालूम होतं, बाबा."

बाबनरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कोष्ट्याची पोट्टी आहो मी. मोरचुदाचा डाग मले नाही समजनार का? पाह्यल्याबरोबर समजला."

"मंग... मंग उतरली काहून नाही?"

प्रणालीने हात धुवायला घेतलेला तांब्या खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"डागाले नाही भेली मी. तुमी माह्याशी आजवर कधी खोटं बोलले नाही. होडी खाली सोडली, सगळे उतरून राहिले होते, अन् मले वाटलं, माहे बाबा खोटं बोलले. म्हंजे ते किती भेले असतीन. मंग माहे पायच नाही उचलले."